मागणार कोण?

इच्छामरण हा शब्दच इच्छेवर उभा आहे. मग ज्या बाळाला बोलताच येत नाही, त्याचं काय? नेदरलँड्सचा इतिहास वाचताना मी तिथेच अडकले.

तिथला कायदा २००२ मध्ये लागू झाला, पण १२ वर्षांपासून पुढच्यांसाठी. असह्य वेदनांतल्या नवजात बाळांसाठी ग्रोनिंगनचे डॉ. एडुआर्ड व्हरहाखेन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नियमावली केली. आशा उरली नाही याची खात्री, आईवडिलांची संमती, बाहेरच्या डॉक्टरचं मत, आणि नंतर सरकारी वकिलांना कळवणं. बेल्जियमने २०१४ मध्ये वयाची अटच काढली. मात्र मागणी मुलाने स्वतः, समजून-उमजून करायची. मधल्या १ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी डच नियम आले ते थेट २०२४ मध्ये!

विरोधक विचारतात, दुसऱ्याच्या वेदना 'असह्य' ठरवणारे आपण कोण? माझ्याकडे उत्तर नाही. पण मला त्या नियमावलीतलं 'कळवणं' मोलाचं वाटतं. पूर्वी असे बरेचसे निर्णय गुपचूपच व्हायचे.

आमच्या घरातलंही एक बाळ असंच गेलं. डॉक्टरांनी काय विचारलं, काका काय म्हणाला, कुणी कधी बोललंच नाही. काकू अजून ते ओझं एकटीच वाहतेय.

असो. निदान बोलूया तरी.