लाखेची तबकडी आणि तीन मिनिटांचा आवाज

लाख म्हटली की आपल्याला बांगड्या आठवतात. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या बायांना ती झाडावरचीही माहीत असेल. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर एक बारीकसा किडा राळ सोडतो, ती खरवडून, वितळवून लाख करतात. हीच लाख एके काळी गाण्यासाठी लागायची. आपल्या आजी-पणजीच्या काळातली ती काळी, जड, हातातून पडली की खळकन फुटणारी रेकॉर्ड लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून बनवलेली असे. मिनिटाला ७८ फेरे घेणारी. एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं. तीन मिनिटं झाली की पिन काढायची, तबकडी उलटायची, नवी पिन लावायची, चावी भरायची. भाकरी उलटायला उठावं तसं.

आज बोलायचं आहे ते या तबकड्या जपणाऱ्या आणि ऐकणाऱ्या माणसांबद्दल, आणि त्यांच्यामुळे उरलेल्या आवाजांबद्दल. गिरगाव, धोबीतलाव, दादर, परळ, लालबाग या मुंबईच्या पट्ट्यात अशी माणसं पुष्कळ. चाळीत एकाच्या घरी फोनो असला की सगळी गॅलरी ऐकायची, अशी तिथली रीत. पुढे रेडिओ आला, टेप आली, आणि लोकांनी तबकड्या रद्दीत काढल्या. चोरबाजाराच्या मटण स्ट्रीटवर त्यांचे ढीग लागले. ते ढीग उपसणारे काही वेडे होते. त्यांनीच १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली. तिचं काम वर्षानुवर्षं पाहणारे सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. तबकड्यांची माहिती लिहून ठेवायची, एकत्र बसून ऐकायचं, ऐकलेल्यावर बोलायचं, असं त्यांचं चालतं.

या लोकांचं ऐकणं आपल्यासारखं नसतं. आपण काम करता करता गाणं ऐकतो. संग्राहक आधी तबकडी उजेडात तिरकी धरून बघतो, चरे किती ते पाहतो. मग मधल्या कागदाजवळ कोरलेला बारीक आकडा वाचतो. त्या आकड्यावरून तबकडी कोणत्या सुमाराची ते कळतं. धुताना स्पिरिट कधीच लावत नाही, कारण स्पिरिटमध्ये लाख विरघळते आणि गाणं पुसलं जातं. तबकड्या एकावर एक रचत नाही, ताटाळ्यातल्या ताटांसारख्या उभ्या ठेवतो. आणि एकच चीज चार जणींनी गायलेली असेल तर चारही लागोपाठ ऐकतो. आपणही हे करतोच की. एकच ओवी दोन गावांत दोन चालींवर म्हणतात, आणि ‘आमच्याकडं अशी म्हणत्यात’ यावर लग्नघरी वाद होतो.

संग्राहकांचे वाद मात्र टोकाचे. खरखर काढून साफ केलेलं गाणं काहींना आवडत नाही. खरखरीबरोबर गळ्यातला बारकावाही जातो, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. पण ‘पहिल्या छापाची तबकडी तेवढी खरी’ हा त्यांचा दुसरा हट्ट मला श्रीमंती चाळा वाटतो.

आता या तबकड्यांवर आवाज कोणाचे, ते बघा. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा माणूस १९०२ मध्ये कलकत्त्याला यंत्र घेऊन आला, तेव्हा पहिल्या गाणाऱ्यांत बायाच होत्या. त्यातली सर्वांत गाजलेली गौहर जान. मोठे उस्ताद कचरत होते. आपली विद्या यंत्रात गेली तर कोणीही उचलेल, ही भीती. नाचगाण्यावर पोट असलेल्या बायांनी मात्र कर्ण्यात तोंड घालून गाणं दिलं. गाणं संपता संपता गौहर जान इंग्रजीत आपलं नाव मोठ्यानं सांगायची. कारण साधं होतं. तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिराला भाषा कळत नसे, कोणाचं गाणं ते समजावं कसं? म्हणून नाव. आज ते नाव ऐकताना अंगावर काटा येतो. जिला पांढरपेशा घरात पाय ठेवू दिला नसता, तिचा आवाज त्याच घराच्या दिवाणखान्यात जाऊन स्वतःचं नाव सांगत होता.

सगळ्यांना हे जमलं नाही. हुबळीच्या गंगूबाई हनगल सुरुवातीला तबकड्यांसाठी गायल्या, तेव्हा कागदावर त्यांचं नाव छापलं ‘गांधारी’. गंगूबाई हे नाव कंपनीला जुनाट वाटलं. पुढे गंगूबाईंनी आपलं नाव असं गाजवलं की गांधारी कोण हे आता संग्राहकालाच ठाऊक.

थोडं धोबीतलावाकडे वळू. तिथे आणि गिरगावात गोव्याच्या गावांचे ‘कूड’ होते. कूड म्हणजे एकेका गावच्या माणसांनी मिळून चालवलेली उतरण्याची जागा. गावच्या चर्चच्या शाळेत सुरांची लिपी शिकलेली गोव्याची पोरं मुंबईला येत आणि वाद्य वाजवून पोट भरत. हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ त्यातला एक. लोक त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणत. तो ट्रंपेट वाजवायचा, आणि अमेरिकेच्या लुई आर्मस्ट्राँगला इतकं मानायचा की त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. आर्मस्ट्राँगचं संगीत म्हणजे जॅझ. कापसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबलेल्या काळ्या माणसांच्या नातवंडांनी ते उभं केलं. ताजमहाल हॉटेलात साहेब लोक ते ऐकत.

ते आपल्यापर्यंत आलं सिनेमातून. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र संगीतकार झाले आणि त्यांनी चिक चॉकलेटला हाताशी धरलं. १९५१ चा ‘अलबेला’ आठवा. भगवानदादा गिरणी कामगाराचा मुलगा, परळ-दादरच्या वस्तीत वाढलेला. त्या सिनेमातल्या नाचाच्या गाण्यात चिक चॉकलेट आपला बँड घेऊन पडद्यावरच दिसतो. भगवानदादांची ती हात हलवत डुलायची चाल लालबागच्या मिरवणुकीत उतरली, तिथून आपल्या वरातीत. म्हणजे नवरदेवाच्या पुढे आपण जे नाचतो, त्यात कुठेतरी गोव्याचं चर्च आणि अमेरिकेचा कापूस आहे. भगवानदादांचा पैसा, बंगला, गाड्या पुढे सगळं गेलं. २००२ साली ते वारले तेव्हा दादरच्या चाळीतच राहत होते.

जॅझची सख्खी बहीण गॉस्पेल. काळ्या लोकांच्या चर्चमधली भजनं. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, टाळ्या, डोलणं. आपल्या भजनी मंडळाला हे वेगळं शिकवायला नको. त्यातली सर्वांत मोठी गायिका महालिया जॅक्सन, जन्म १९११, गाव न्यू ऑर्लीन्स. आईमागे मावशीनं वाढवलेली पोर. लहानपणी घरात फरशी घासताना ती बेसी स्मिथ या गायिकेची रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावायची आणि आवाज तसा कसा काढायचा ते तोंड वेडंवाकडं करून बघायची. गाण्याची शाळा नाही, गुरू नाही, तबकडीच गुरू. मोठी झाल्यावर शिकागोत लोकांचे कपडे धुतले, हॉटेलात खोल्या झाडल्या. नाव झालं तेव्हा दारूच्या अड्ड्यावर गायला पैसे देऊ लागले, ती गेली नाही. १९६३ च्या २८ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग बोलत असताना, ‘त्या स्वप्नाचं सांगा’ असं मागून ओरडून सांगणारी हीच बाई. १९७१ मध्ये ती भारतातही येऊन गायली.

मुंबईत अशा गाण्याचे दर्दी होते. निरंजन झवेरी त्यातले नामवंत. त्यांच्या पुढाकारानं १९७८ मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ भरली आणि जगभरचे वादक तिथे उघड्या आभाळाखाली वाजवून गेले.

त्याच्या आदल्याच वर्षी एक तबकडी खरोखर आभाळात गेली होती. अमेरिकेनं १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी. कधी कोणी परका भेटलाच तर त्याला पृथ्वीचं गाणं ऐकवायला. जगभरातून निवडलेली २७ गाणी-वादनं. त्यात आर्मस्ट्राँगचा जॅझ आहे. टेक्सासचा आंधळा भजनी विली जॉन्सन आहे, जो शब्द न उच्चारता नुसता हुंकारत गातो. १९४५ मध्ये घर जळाल्यावर त्याच जळक्या घरात निजून तो आजारी पडला आणि गेला. आणि त्यांच्या शेजारी आहेत आपल्या केसरबाई केरकर. गोव्याच्या केरी गावात १८९२ मध्ये जन्मलेल्या, मुंबईत अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतलेल्या. त्यांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. गंमत अशी की केसरबाईंना तबकडी कधी फारशी आवडली नाही. तासभर फुलवायचा राग तीन मिनिटांत कोंबायचा कसा? म्हणून त्यांच्या तबकड्या मोजक्याच. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

तबकडीची कंपनी जात्यापर्यंत मात्र कधी पोहोचली नाही. ओवी विकत कोण घेणार? ते काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथेच राहिलेले गी पॉयटवँ यांनी केलं. गावोगावच्या बायांच्या मदतीनं एक लाखांहून जास्त ओव्या त्यांनी लिहून घेतल्या, आणि त्यातल्या कितीतरी गाणाऱ्यांच्या आवाजात टेपवर घेतल्या. अलीकडे ‘पारी’ या संस्थेनं त्या इंटरनेटवर ठेवल्या आहेत, मोबाइलवर ऐकता येतात. पुढच्या भागात आपण त्यातल्या काही ऐकणार आहोत. प्रत्येक ओवीजवळ ती म्हणणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव आणि तालुका लिहिलेला आहे.