गेडिस कुऱ्हाड

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये झालेली खर्चकपात. सर एरिक गेडिस समितीने १९२२ मध्ये शिक्षणखर्चातून सुमारे १ कोटी ८० लाख पौंड कमी करण्यास सुचवले. १९१८ च्या फिशर शिक्षण कायद्यानुसार स्थानिक शिक्षण मंडळांचा निदान निम्मा मान्य खर्च केंद्र उचलत असे. म्हणून तिजोरी वाचवायची तर मंडळांचेच हात बांधणे आले. सहा वर्षांखालील मुलांना शाळेत घेऊ नये, ही शिफारस विरोधामुळे बारगळली. बरीचशी कपातही टळली. मात्र चौदाव्या वर्षी कामाला लागणाऱ्या मुलांच्या अर्धवेळ शाळा जवळपास सर्वत्र बंद पडल्या. फिशर कायद्यातले सर्वांत मोलाचे आश्वासन या शाळांचेच होते. शिक्षकांच्या पगारातून निवृत्तिवेतनासाठी ५ टक्के कापले जाऊ लागले. १९३१ च्या मंदीत पगारच १० टक्क्यांनी घटवले गेले.