कुरुंद, एमरी आणि कार्बोरंडम : अपघर्षकांच्या नावांचा इतिहास

लहान कर्मशाळेत धातुकाम करणारा मनुष्य टेबलावर बसवण्याजोगा बेल्ट ग्राइंडर घ्यावयास गेला, म्हणजे त्यास प्रथम पट्ट्याची लांबी-रुंदी विचारली जाते, नंतर दाण्याचा क्रमांक, आणि दाणा कोणत्या द्रव्याचा हे बहुधा सर्वांत शेवटी. वस्तुतः हा क्रम उलट असावयास हवा. तो उलटा का पडला, याचे कारण या द्रव्यांच्या नावांच्या इतिहासात आहे. नावे मागून आली, एका वस्तूची दुसरीला चिकटली, आणि काही तर निखळ चुकीतून जन्मली. 'सँडर' या यंत्रनामात वाळू आहे. हिंदीतील 'रेगमाल' या शब्दातही 'रेग' म्हणजे वाळूच आहे. धातूसाठी वापरावयाच्या पट्ट्यावर मात्र वाळूचा कणही नसतो.

संस्कृत 'कुरुविंद' हा शब्द रत्नशास्त्रात जुना आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत पद्मरागाची उत्पत्तिस्थाने सांगताना सौगंधिक व स्फटिक यांच्या जोडीस कुरुविंद घेतला आहे. तमिळ 'कुरुंदम्' आणि मराठी 'कुरुंद' हे त्याच कुळातले शब्द होत. माणिक आणि घासण्याची भुकटी ही एकाच द्रव्याची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची, दोन रूपे आहेत, हे रसायनशास्त्राने बऱ्याच उशिरा सिद्ध केले. शब्दाने त्या दोहोंना त्याआधीच एका घरात बसवले होते. चार्ल्स ग्रेव्हिल याने १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातील या दगडाविषयी निबंध मांडला, तेव्हा त्याने हिंदी नाव तसेच ठेवले. मद्रासेहून एडिंबरोच्या एका रत्नकोरकाकडे पूर्वीच असे खडे पोचले होते, आणि हिंदुस्थानातील कारागीर त्यांनी हिऱ्याखेरीज इतर रत्ने घासतात, ही माहितीही त्यांच्यासोबतच गेली होती. यावरून दगड, शब्द आणि उपयोग ही तिन्ही बरोबरच युरोपात गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

युरोपात याच कामास नॅक्सॉस बेटावरील 'एमरी' रूढ होती. ग्रीक 'स्मिरिस', इटालियन 'स्मेरिल्यो', फ्रेंच 'एमरी' अशी त्या शब्दाची वाटचाल आहे. १८०२ मध्ये स्मिथसन टेनंट याने एमरीचे पृथक्करण करून तिच्यातील घासणारा अंश म्हणजे कुरुंदच, असे दाखवले. आपल्याकडील कारागीर कुरुंदाची भुकटी लाखेत कालवून तिचे चाक करीत आणि त्यावर रत्ने व शस्त्रे घाशीत. शस्त्रांस झिलई देणारा तो शिकलगार. या नावाच्या मुळाशी झिलईवाचक अरबी 'सैकल' आहे. दाणा आणि त्यास धरून ठेवणारे द्रव्य हीच आजच्या चाकाची व पट्ट्याचीही मूळ रचना होय; लाखेची जागा पुढे सरसाने व कृत्रिम राळेने घेतली, इतकेच.

१८९१ मध्ये पेनसिल्व्हेनियात एडवर्ड ॲचेसन याने माती व कोक यांच्या मिश्रणातून विद्युत्प्रवाह सोडला, आणि त्यास चकाकणारे कठीण स्फटिक मिळाले. ते कार्बन आणि कुरुंद यांचे संयुग असावे, अशा समजुतीने त्याने 'कार्बोरंडम' हे नाव घडवले. पदार्थ निघाला सिलिकॉन कार्बाइड. कुरुंद त्यात नाही. नाव मात्र टिकले. अमेरिकेतच १९०२ मध्ये मिनेसोटा येथे कुरुंद खणण्यासाठी एक कंपनी स्थापन झाली. तिचा खनिज दगड अनॉर्थोसाइट ठरला. तीच पुढे थ्रीएम म्हणून प्रसिद्धीस आली, आणि १९२१ मध्ये तिने पाण्यात न विरघळणारा पॉलिश पेपर बाजारात आणला.

या घोटाळ्याचा परिणाम कर्मशाळेत भोगावा लागतो. कार्बोरंडम कुरुंदाहून कठीण, म्हणून पोलादास तेच उत्तम, असा समज सहज होतो. पण घर्षणाच्या तापात त्यातील कार्बन लोखंडाशी संयोग पावतो आणि दाणा लवकर बोथट होतो. पोलादाच्या पट्ट्यास ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे आपला कुरुंदच, अधिक टिकतो. काच, दगड व पितळ यांस कार्बाइड बरे. परिभाषाकारांनी 'अपघर्षक' हा जातिवाचक शब्द दिला तो योग्यच. परंतु द्रव्यासाठी 'कुरुंद' टाकून 'कोरंडम' लिहिणे म्हणजे आपलाच शब्द परदेशाहून आयात करणे होय.

क्रमांकांचीही तीच गत आहे. क्रमांक हा मुळात चाळणीच्या एका इंचातील छिद्रांचा आकडा. सुमारे २४० च्या पुढे चाळणी चालत नाही. दाणे पाण्यात किती वेगाने खाली बसतात यावरून त्यांची प्रत ठरते, आणि आकडा केवळ खूण उरतो. युरोपीय पद्धतीतील 'पी ४००' चा दाणा सुमारे ३५ मायक्रॉन, तर अमेरिकी ४०० चा सुमारे २३ मायक्रॉन. म्हणजे तो 'पी ८००' च्या जवळचा. दोन्ही पद्धतींचे पट्टे एकत्र वापरले, तर पुढचा पट्टा आधीचे ओरखडे पुसण्याऐवजी नवे पाडतो.

यंत्राविषयी थोडेच सांगावयाचे. १०० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटास २८५० फेरे घेत असेल, तर पट्टा सेकंदास सुमारे १५ मीटर धावतो. त्या वेगावर बारीक दाणा कापण्यापेक्षा तापवतोच अधिक. कार्बन पोलाद २२० अंशांच्या आसपास पिवळसर आणि ३०० च्या सुमारास निळे पडते, आणि निळ्या झालेल्या धारेचे पाणी उतरलेले असते. यास्तव वेग कमी करता येणारे यंत्र महाग पडले तरी तेच घ्यावे, आणि शेजारी पाण्याचे भांडे ठेवावे.