सावेदादांपासून खिशांतील कॅमेऱ्यापर्यंत

मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविण्यांत आलीं. त्या खेळांनीं भारून गेलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईचे छायाचित्रकार होते. इतर प्रेक्षक आश्चर्य करीत घरोघर गेले. सावेदादांनीं विलायतेहून २१ गिनींस कॅमेरा मागविला. १८९९ सालीं हँगिंग गार्डनमध्यें पुंडलीकदादा व कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती त्यांनीं त्या यंत्रानें टिपली. ती फिल्म धुण्यासाठीं लंडनला पाठवावी लागली. कुस्ती झाली मलबार टेकडीवर, आणि तिचें चित्र उमटलें सातासमुद्रांपलीकडे! पुढें डिसेंबर १९०१ मध्यें केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचा सोहळाहि त्यांनीं असाच टिपून ठेविला.

या चित्रांत कथा नव्हती, नट नव्हते, रंगविलेले देखावे नव्हते. डोळ्यांसमोर जें घडलें तें जसेंच्या तसें दुसऱ्यास दाखवावें, एवढाच त्यांचा हेतु. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि चित्रपट म्हणजे कथापट हें समीकरण रूढ झालें. तें अनिष्ट झालें असें नव्हे. त्यावांचून या धंद्याचा संसार उभा राहिला नसता. परंतु वाड्यांतील, वाडीवस्तीवरील आणि बाजारांतील साधें जीवन त्या दिवसापासून पडद्यावरून जवळजवळ हद्दपार झालें. वार्तापटांत पुढारी दिसत, महापूर दिसत. चुलीपुढें बसलेली बाई क्वचितच दिसे. भांडवल ज्याचें, पडदा त्याचा.

तें साधें जीवन पुन्हा पडद्यावर आलें तें मोबाईल फोनमुळें, आणि तेंहि एकाएकीं नव्हे. १९९९ सालीं जपानांत क्योसेरा कंपनीनें बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे रोखलेला कॅमेरा असलेला फोन विकावयास काढला. तो सेकंदास जेमतेम २ चित्रें पाठवी. बोलणाऱ्या दोघांनीं एकमेकांस पाहावें यासाठीं तो होता. त्याच कॅमेऱ्यापुढें कोणी उद्यां आपली रोजनिशी जगास सांगत बसेल, ही कल्पना तेव्हां विक्षिप्तच वाटली असती. २३ एप्रिल २००५ रोजीं यूट्यूबवर पहिली चित्रफीत चढली. यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकीं जावेद करीम हे सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयांत हत्तींपुढें उभे आहेत. हत्तींच्या सोंडा फार लांब असतात, याहून अधिक कांहीं त्या १९ सेकंदांत सांगितलेलें नाहीं. विद्वानांनीं खुशाल हंसावें. पण सावेदादांची कुस्ती तरी याहून कोणती गहन होती?

आपल्याकडे या छंदाला भरती आली ती सप्टेंबर १९१६ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे सप्टेंबर २०१६ पासून. त्या महिन्यांत जिओची सेवा सुरू झाली आणि मार्च २०१७ पर्यंत इंटरनेट फुकट मिळालें. पुढें चढाओढींत सर्वच कंपन्यांचे दर कोसळले. मग शेतकरी बांधावरून पिकाची कीड दाखवूं लागला, मालमोटारीचा चालक घाटांतील मुक्काम दाखवूं लागला, परदेशांतील मराठी सून तेथील गणपतीची आरास दाखवूं लागली. नगर जिल्ह्यांतील सारोळा कासार या गांवच्या एका वृद्ध गृहिणीनें २०२० सालीं नातवाच्या साह्यानें 'आपली आजी' या नांवानें पाककृति दाखविण्यास आरंभ केला, आणि लक्षावधि लोकांनीं तिच्या हातचें कारल्याचें कालवण पाहिलें. पाकशास्त्राच्या छापील पुस्तकांत 'चिमूटभर' एवढाच शब्द असतो. ती चिमूट केवढी, हें येथें प्रत्यक्ष दिसतें. सासूकडून सुनेकडे हातोहात गेलेली विद्या प्रथमच तिऱ्हाइताच्या नजरेस पडली. या चित्रफितींत उथळपणा, उखाळ्यापाखाळ्या आणि निव्वळ आत्मप्रदर्शनहि भरपूर आहे, तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. तथापि पुढील इतिहासकारास अभिजनांच्या दप्तरांपेक्षां याच गाळांत आजचें बोलणें, चालणें व स्वयंपाकघर सांपडेल.

सांपडेल, पण शिल्लक राहिलें तर. २९ जून २०२० रोजीं केंद्र सरकारनें टिकटॉकसह ५९ चिनी अॅपांवर बंदी घातली. सुरक्षेच्या दृष्टीनें त्या निर्णयाचें समर्थन कोणीहि करो. गांवोगांवच्या ज्या पोरापोरींनीं तेथें आपलीं गाणीं, नकला, नाच साठविले होते, त्यांचा प्रेक्षक एका रात्रींत नाहींसा झाला आणि त्यांची वही दुसऱ्याच्या कपाटांत बंद राहिली. मोबाईलवर चित्र घेणाऱ्याचा कॅमेरा त्याचा स्वतःचा असतो, कपाट मात्र कंपनीचें. ती कंपनी बुडाली, नियम बदलले, परवलीचा शब्द चोरीस गेला, तर त्यानें कोणाकडे जावें? १९५४ च्या कायद्यान्वयें प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास द्यावी लागते. कोणा फुटकळ कवीचा चार फर्म्यांचा संग्रहहि तेथें सुखानें नांदतो. आजीच्या कारल्यासाठीं तशी तरतूद नाहीं.

सावेदादांची ती कुस्ती आज पाहावयास मिळत नाहीं. दोन्ही मल्लांचीं नांवें उरलीं तीं कागदावर. सावेदादा १९५८ सालीं वारले, आणि पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें त्यानंतर सहा वर्षांनीं, १९६४ सालीं.