तळटीप २३ : कार्मेच्या कुळातले लालसर चंद्र

२३. कार्मे : गुरूचा अनियमित चंद्र. सेथ निकोल्सन यांनी १९३८ साली माउंट विल्सन वेधशाळेतून शोधला. ग्रहापासून दूर, कललेल्या आणि लांबट कक्षेत फिरणाऱ्या चंद्रांना अनियमित म्हणतात. कार्मे तर गुरूच्या परिवलनाच्या उलट दिशेने फिरतो आणि एका फेरीला जवळपास दोन वर्षे घेतो. ‘लालसर’वरून मंगळाचा रंग डोळ्यांसमोर आणू नये. कार्मेचा पृष्ठभाग कोळशासारखा काळा आहे, आणि मोठ्या दुर्बिणीतही तो नुसता ठिपका दिसतो. त्या ठिपक्याचे तेज निळ्या व लाल फिल्टरमधून वेगवेगळे मोजतात. सूर्यप्रकाशाच्या तुलनेत लाल भाग जास्त परतला, तर पिंड लालसर. कार्मेसारख्याच कक्षांत फिरणारे छोटे चंद्र रंगानेही त्याच्याशी फार जुळतात, म्हणून हे सारे एकाच फुटलेल्या पिंडाचे तुकडे मानले जातात. गुरूच्याच हिमालिया या अनियमित चंद्राचे कूळ मात्र राखी. नेपच्यूनपलीकडच्या अनेक पिंडांवर दिसणारा गडद तांबडेपणा महाग्रहांच्या अनियमित चंद्रांत जवळजवळ आढळत नाही. त्यामुळे हे चंद्र ‘तिथूनच आले’ हे लेखकाचे पुढचे विधान सिद्ध झालेले समजू नये. — संपा.