करेन किड : एका तळ्याला प्रश्न विचारणारी शास्त्रज्ञ

नदी-तलावात मेलेले मासे तरंगले की पाणी बिघडलंय हे कुणीही सांगतो. पण एकही मासा न मरता पाणी बिघडलेलं असू शकतं का? या प्रश्नाचं ठोस उत्तर ज्यांच्या कामातून मिळालं, त्या कॅनडाच्या शास्त्रज्ञ करेन किड. मासे, त्यांची अन्नसाखळी आणि पाण्यातली विषद्रव्ये हा त्यांचा अभ्यासविषय.

कापसावरची फवारणी, उत्तरेकडचा मासा

कॅनडाच्या उत्तरेकडील युकॉन प्रदेशात लबार्ज नावाचं मोठं तळं आहे. तिथल्या माशांत टॉक्साफीन हे कीटकनाशक धोकादायक प्रमाणात सापडलं. अमेरिकेत हे औषध मुख्यतः कापसावर फवारलं जाई. मग ते इतक्या दूर आलं कसं?

किड आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा उलगडा केला. विष वाऱ्याबरोबर आलं होतं आणि तेही अगदी थोडं. पण लहान जीवाला मोठा खातो, त्याला आणखी मोठा, आणि प्रत्येक पायरीवर विष साठत जातं. कोण कोणाला खातं हे त्यांनी माशांच्या शरीरातल्या नत्रावरून ओळखलं, कारण पायरी चढेल तसं जड नत्राचं प्रमाण वाढतं. लबार्जमध्ये ही साखळी फारच लांब होती, म्हणून वरच्या माशात विषही जास्त साठलं. पुढे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात त्यांनी डीडीटीचा असाच माग काढला.

तळं क्रमांक २६०

त्यांचं सर्वात गाजलेलं काम ऑन्टारिओ प्रांतातलं. तिथे १९६८ पासून काही तळी खास प्रयोगांसाठी राखून ठेवलेली आहेत. गर्भनिरोधक गोळ्यांतला एथिनिल इस्ट्राडिओल हा कृत्रिम संप्रेरक लघवीवाटे सांडपाण्यात आणि तिथून नदीत पोचतो. त्याचा परिणाम काचेच्या टाकीत नव्हे, तर जित्याजागत्या तळ्यात पाहायचं ठरलं.

२००१ ते २००३ अशी तीन वर्षं तळं क्रमांक २६० मध्ये हे औषध सोडलं. प्रमाण लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे १०० कोटी लिटर पाण्यात जेमतेम ५-६ ग्रॅम!

फॅटहेड मिनो या बोटभर माशाच्या नरांत अंड्यातील बलकासाठी लागणारं, एरवी मादीत बनणारं प्रथिन तयार होऊ लागलं. काही नरांच्या वृषणात अंडपेशीही दिसल्या. नवी पिल्लं जवळजवळ थांबली. हा मासा मुळात अल्पायुषी, त्यामुळे तळ्यातून तो संपण्याच्या बेतात आला. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बारीक मासे घटल्यावर त्यांच्यावर जगणारे लेक ट्राउटही कमी झाले. दिलाशाची गोष्ट एवढीच, की औषध सोडणं थांबल्यावर काही वर्षांत मिनो पुन्हा सावरला.

आज किड ऑन्टारिओच्या मॅकमास्टर विद्यापीठात प्राध्यापक आहेत. त्याआधी त्या विनिपेगच्या गोड्या पाण्यावरील संशोधन संस्थेत आणि न्यू ब्रन्सविक विद्यापीठात होत्या. या प्रयोगतळ्यांचा सरकारी निधी बंद करण्याचा निर्णय २०१२ मध्ये झाला होता. २०१४ पासून एक स्वतंत्र संस्था ती चालवते.

आपल्यासाठी काय?

हल्ली बाटलीभर पाण्यातल्या डीएनएवरून तलावात कोणते मासे आहेत हे कळतं. पण ते मासे वाढतायत का, वीण होतेय का, हे कळायला वर्षानुवर्षं जाळं टाकून मोजावंच लागतं. तळं २६० मध्ये मोठे मासे पोहताना दिसत होते, तेव्हाच पुढची पिढी थांबलेली होती. म्हणून गावतळ्यात मासे किती हे विचारताना, त्यात या वर्षीची बोटुकली किती, हेही विचारायला हवं.