डिजिटल दूरचित्रवाणी व मोबाइल सेवा : व्यत्ययाचे नियंत्रण

जमिनीवरील मनोऱ्यांवरून प्रक्षेपित होणारी डिजिटल दूरचित्रवाणी आणि तिच्या लगतच्या वारंवारतांवर चालणारी मोबाइल सेवा यांना एकमेकींचा अडथळा होऊ नये, यासाठी केलेली तांत्रिक व प्रशासकीय व्यवस्था. वारंवारतांची आखणी, प्रक्षेपणावरील मर्यादा, घरच्या यंत्रणेतील दुरुस्ती आणि खर्चाची जबाबदारी ही तिची चार अंगे आहेत.

पार्श्वभूमी : युरोपात ४७० ते ८६२ मेगाहर्ट्झ हा पट्टा अनेक दशके दूरचित्रवाणीकडे होता. प्रत्येकी ८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या २१ ते ६९ क्रमांकांच्या वाहिन्यांत तो विभागलेला होता. डिजिटल तंत्रामुळे एकाच वाहिनीवरून अनेक कार्यक्रम पाठवता येऊ लागले आणि वरचा भाग मोकळा करणे शक्य झाले. २००७च्या जागतिक रेडिओसंचार परिषदेने ७९० ते ८६२ मेगाहर्ट्झचा पट्टा युरोप व आफ्रिकेत मोबाइल सेवेला खुला केला. नंतरच्या परिषदांनी ६९४ ते ७९० मेगाहर्ट्झचा पट्टाही त्याच वाटेने नेला. या वारंवारतांच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतून आत शिरतात, म्हणून मोबाइल कंपन्यांना त्या हव्या असतात. पण घरांच्या छपरांवरचे अँटेना याच लहरी पकडण्यासाठी बनवलेले होते. त्यांना दूरचित्रवाणीचा आणि मोबाइलचा संदेश सारखाच.

स्वरूप : व्यत्यय दोन प्रकारचा असतो. पहिल्यात मोबाइल टॉवरच्या प्रक्षेपणाचा काही अंश दूरचित्रवाणीच्या वाहिनीत सांडतो. त्यावर इलाज टॉवरवरच करावा लागतो. वाहिनीच्या आत आलेला गोंगाट घरच्या फिल्टरने वेगळा काढता येत नाही. दुसऱ्या प्रकारात टॉवरचे प्रक्षेपण नियमात असते, मात्र जवळून येणारा त्याचा जोरदार संदेश घरच्या बूस्टरला (संदेश वाढवणाऱ्या उपकरणाला) किंवा टीव्हीच्या ग्राहक-भागाला झेपत नाही आणि दुरून येणारा क्षीण संदेश त्यात बुडतो. येथे टॉवरवर काही करून भागत नाही, इलाज घरीच करावा लागतो. म्हणून तक्रार आल्यावर व्यत्यय कोणत्या प्रकारचा आहे हे आधी ठरवावे लागते.

अ‍ॅनालॉग काळात संदेश बिघडला की पडद्यावर मुंग्या येत, तरी चित्र ओळखू येई. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत स्वच्छ राहते; ती ओलांडताच त्याचे चौकोनी तुकडे पडतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा होतो. प्रेक्षकाला आधी सूचना अशी मिळतच नाही.

पट्ट्यांची आखणी : ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात टॉवर ७९१ ते ८२१ वर बोलतात, हँडसेट ८३२ ते ८६२ वर. दूरचित्रवाणीची ६० क्रमांकाची वाहिनी ७९० वर संपते. म्हणजे मधला रक्षक पट्टा जेमतेम १ मेगाहर्ट्झ. इतर बहुतेक मोबाइल पट्ट्यांत हँडसेट खालच्या बाजूला असतो. येथे हा क्रम मुद्दाम उलटवला. हँडसेट घरात टीव्हीशेजारी असू शकतो आणि तो कुठे असेल हे कोणालाच ठाऊक नसते. टॉवर मात्र एका जागी असतो. त्यावर भारी फिल्टर बसवता येतो आणि कोणत्या घरांना त्रास होईल याचा हिशोब आधी करता येतो. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हँडसेटची बाजू ७०३ पासून सुरू होते. तेथे ६९४ ते ७०३ असे ९ मेगाहर्ट्झ मोकळे ठेवले आहेत.

ब्रिटनमधील योजना : ब्रिटनमध्ये अ‍ॅनालॉग प्रक्षेपण ऑक्टोबर २०१२ मध्ये संपले आणि फेब्रुवारी २०१३ मधील ४जी लिलावातून सुमारे २३४ कोटी पौंड मिळाले. त्याआधी केलेल्या अंदाजानुसार उपाय न केल्यास २३ लाखांपर्यंत घरांना त्रास होण्याची शक्यता होती. म्हणून ८०० मेगाहर्ट्झचे परवाने घेणाऱ्या कंपन्यांवर १८ कोटी पौंडांचा निधी देण्याचे बंधन घालण्यात आले. त्यातून ‘अ‍ॅट ८००’ ही मदतयोजना चालली. टॉवर सुरू होण्याआधी आसपासच्या घरांना पत्रके जात. तक्रार करणाऱ्या पात्र घराला फिल्टर मोफत मिळे. २०१३ मधील चाचण्यांतच बाधित घरे अंदाजापेक्षा फार कमी असल्याचे दिसून आले. पुढे ७०० मेगाहर्ट्झच्या वेळीही याच धर्तीची मदत चालू राहिली. फ्रान्समध्ये अशा तक्रारी राष्ट्रीय वारंवारता संस्था घेते आणि दुरुस्तीचा खर्च मोबाइल कंपन्या उचलतात.

फिल्टरची जागा : फिल्टर म्हणजे बोटभर लांबीची डबी, अँटेनाच्या केबलमध्ये ती जोडायची. घरात बूस्टर नसेल तर टीव्हीच्या किंवा सेटटॉप बॉक्सच्या मागे ती लावली की पुरते. बूस्टर असेल तर डबी त्याच्या आधीच लागली पाहिजे. बूस्टरमध्ये एकदा संदेशांची सरमिसळ झाली की पुढे लावलेला फिल्टर निरुपयोगी. बूस्टर छपरावर असेल तर कारागिराला वर चढावे लागते. सामायिक अँटेना असलेल्या इमारतीत एका फिल्टरने सर्व सदनिकांचे काम होते.

भारतातील स्थिती : दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबई, औरंगाबादसह १६ शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण सुरू केले, पण भारतीय घरांत दूरचित्रवाणी येते ती मुख्यतः केबल आणि डीटीएचवरून. त्यामुळे येथे प्रश्न उभा राहिला तो सी-बँडमध्ये. केबलचालकांच्या मोठ्या डिश ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झवर उपग्रहाचे संदेश घेतात. २०२२ मध्ये ५जीसाठी ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा लिलाव झाला. सुमारे ३६,००० किलोमीटरवरून येणारा संदेश अतिशय क्षीण असतो आणि डिशवर संदेश पकडून वाढवणाऱ्या भागांपैकी (एलएनबी) अनेक जुने भाग ३४०० पासूनचे सारे काही आत घेतात. शेजारच्या गच्चीवर ५जी टॉवर उभा राहिला की एलएनबी कोलमडतो आणि त्या केबलचालकावर अवलंबून असलेल्या सर्व घरांतले चित्र जाते. उपाय तोच : एलएनबीच्या आधी फिल्टर.

मूल्यमापन : फिल्टर ही स्वस्त वस्तू आहे. अवघड असते ते तिचा भार कोणी वाहायचा हे ठरवणे. वर्षानुवर्षे विनातक्रार टीव्ही पाहणाऱ्याने काहीही बदललेले नसते. बदल शेजारी आलेल्या नव्या सेवेने केलेला असतो. म्हणून दुरुस्तीचा खर्च नव्या सेवेने द्यावा, आणि ही अट लिलावाआधीच परवान्यात लिहिलेली असावी, हेच न्याय्य आहे. अट नंतर घालू म्हटले तर टॉवर उभे राहिलेले असतात आणि प्रेक्षकाला दाद मागायला जागा उरत नाही.